पॉट कोण देणार?

खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय लागत असेल तर पॉट. पुस्तकात त्याला बेडपॅन म्हणतात, वॉर्डात कुणी म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात आमचे आबा ओट्यावरून घसरून पडले आणि खान्देशातल्या एका सरकारी रुग्णालयात आमचा १३ दिवस मुक्काम पडला. पहिल्या रात्री आबांनी हळूच खुणावलं. मी सिस्टरांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी रजिस्टरमधून मान वर न करता मावशींकडे बोट केलं. मावशी म्हणाल्या, "सोबत कोण आहे? तुम्हीच ना भाऊ? खाटेखाली आहे बघा."

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "ऱ्हाऊ दे. पोऱ्याना हातना पॉट नको माले."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. भाकरी चतकोरावर आली, चहा नको झाला, पाणी गोळीपुरतं. ऑपरेशनच्या धास्तीने भूक मेली असेल, असं मी धरून चाललो. डॉक्टर राउंडला येत, केसपेपरवर 'प्रकृती स्थिर' लिहून जात. ते खोटं नव्हतं. ताप नव्हता, नाडी ठीक, बीपी ठीक. चौथ्या दिवशी पोट टम्म फुगलं तेव्हा उलगडा झाला. पॉट लागू नये म्हणून माणूस उपाशी राहत होता.

हे सांगून 'सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर अशाच' या पठडीतला लेख मला लिहायचा नाही. मोबाइल समोर धरून ड्युटीवरच्या बाईला "नाव सांगा तुमचं" म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांनी ते काम घेतलेलंच आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. रुग्णाला जी शुश्रूषा वाटते, ती आपल्याकडे रुग्णालय करतच नाही. ती नातेवाईक करतो. आणि नर्सिंगचं शिक्षण त्या नातेवाइकाकडे बघायला तयार नाही, रुग्णाच्या बोलीकडे तर नाहीच.

आधी हिशेब. त्या वॉर्डात ४० खाटा होत्या. रात्री एक सिस्टर आणि हाताखाली एक विद्यार्थिनी. रात्रपाळी १२ तासांची, म्हणजे ७२० मिनिटं. भागिले ४०. एका पेशंटच्या वाट्याला १८ मिनिटं, तीही सिस्टरांनी घोटभर पाणी न पिता राबायचं ठरवलं तर. हाडांच्या वॉर्डात स्वतः कूस न बदलता येणारे १० जण तरी सहज निघतात. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, म्हणजे रात्रीतून ६ वेळा. एका वेळेला ५ मिनिटं धरा. १० गुणिले ६ गुणिले ५ म्हणजे ३०० मिनिटं, पाच तास, आणि त्याला माणसं दोन लागतात. उरलेल्या वेळात इंजेक्शनं, सलाईनी, नवीन ॲडमिशन, ऑपरेशनची तयारी, एखादा मृत्यू, आणि हे सगळं चार-पाच ठिकाणी लिहिणं. रजिस्टरमधून मान वर का निघाली नाही, हे मला तिसऱ्या रात्री कळलं. सकाळी वॉर्डाच्या प्रमुख परिसेविका येतात तेव्हा रजिस्टर तपासतात. आबांचं पोट कुणी तपासत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका आणि इतर रुग्णालयात ५ मागे १ असं आहे. तीन पाळ्यांत वाटलं तर पाळीगणिक ९ किंवा १५ रुग्ण येतात. ४० कुठल्याच गणितात बसत नाहीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांची आकडेवारी घेऊन संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की ऑपरेशन झालेल्या रुग्णांत, एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने तर प्रमाण कायद्यातच घातलं आणि २००४ पासून ते लागू केलं. आपल्याकडे मे २०२२ मध्ये सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या तेव्हा बहुतेकांनी तो पगाराचा संप समजला. तो आपल्या आईच्या पाठीवर जखम होईल की नाही याचाही होता.

तर हे पाच तासांचं काम जातं कुठे? सोबतच्या माणसाकडे. खान्देशात दवाखान्यात कुणी एकटा जात नाही. एक जण खाटेशी, एक औषधं आणायला, एक बाहेर झाडाखाली भाकरीच्या फडक्यासह. भरवणं, पुसणं, पॉट, कूस, सलाईन संपत आली की पळत जाऊन "सिस्टर, सलाईन सरी गई" सांगणं, सगळं तोच करतो. त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. शिकवलेली असते ती फक्त बाहेर जाण्याची वेळ. पाच वाजता शिट्टी वाजली की "नातेवाइकांनी बाहेर व्हा", आणि राउंड संपला की "याच्यासोबत कोण आहे, कुठे गेले सगळे?" एकाच दिवसात तो अडचण असतो आणि कर्मचारीही असतो.

माझी शिकवणी एका सिस्टरांनी घेतली. सहावी रात्र होती. त्या सलाईनचं चाक कमी करायला आल्या, आबांना माझ्यासमोर कुशीवर घेतलं आणि माकडहाडापाशी लाल झालेली जागा दाखवली. "बोट दाबून बघा. पांढरं पडून परत लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिलं तर जखमेची सुरुवात समजा, मला हाक मारा. आणि तिथे चोळायचं नाही. स्पिरिट-पावडर लावून चोळायची जुनी पद्धत आहे, लोक सांगतील तुम्हाला, ऐकू नका." मग दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी कशी ठेवायची ते दाखवलं. शेवटी पॉट. खाली नुसता सरकवायचा नाही. चांगल्या पायावर जोर देऊन कंबर उचलायला सांगायची, मोडलेल्या बाजूने ओढायचं नाही, आणि चादर आधी अंगावर घ्यायची, मग बाकी सगळं. "आजोबांना लाज वाटते ती उघडं पडायची वाटते. चादर असली की अर्धी लाज जाते." सगळं मिळून तीन मिनिटं झाली असतील. त्या दिवसापासून आबा जेवायला लागले.

ही तीन मिनिटं पहिल्या दिवशी का मिळाली नाहीत? माझा नव्या परिचारिका घडवणाऱ्यांना एवढाच प्रश्न आहे. सोबतच्या माणसाला शिकवणं हे परिचारिकेचं काम म्हणून कुठे लिहिलेलं आहे का? अभ्यासक्रमात 'आरोग्यशिक्षण' आहे. त्याचं होतं काय, तर विद्यार्थिनी थर्माकोलवर रंगीत चित्रं चिकटवून 'मधुमेही रुग्णाचा आहार' हा तक्ता करतात, वॉर्डात पाच मिनिटं उभं राहून बोलतात, शिकवणाऱ्या पाठ्यनिर्देशिका गुण देतात, तक्ता कपाटामागे जातो. ज्याला ऐकायचं होतं तो तेव्हा शिट्टी वाजल्यामुळे गेटबाहेर असतो.

आता बोलीकडे येतो, कारण खान्देशात ही गोष्ट टाळून नर्सिंगवर बोलताच येत नाही. जळगाव-धुळ्याच्या वॉर्डात पेशंट अहिराणीत सांगतो, "माले कसंनुसं व्हई ऱ्हायनं", "जीव तयमय करस", "आंगमा कसर शे". यातली 'कसर' म्हणजे बारीक ताप, हे लातूरहून किंवा कोकणातून आलेल्या मुलीला कोण सांगणार? तरी अहिराणी निदान मराठीच्या वाटेवरची आहे, कान दिला तर चार दिवसांत उमजते. सातपुड्यात उतरा. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडून येणारी माणसं पावरी, भिली अशा आदिवासी बोली बोलतात, आणि वॉर्डातली मराठी त्यांना शाळेतल्या इंग्रजीसारखी वाटते. ऐकू येते, अंगात शिरत नाही.

आबांच्या वॉर्डाशेजारी बायकांचा वॉर्ड होता. तिथे डोंगरातून आलेली एक बाई होती, पायाला पट्टी. ती कुणाशी बोलत नसे. विचारलं की मान हलवायची, हो की नाही ते कळायचं नाही. जेवणाचं ताट जसंच्या तसं. आमच्या सोबतचे लोक म्हणत, "रागीट दिसते." मग तिला थंडी वाजून ताप आला. रात्री हाताखाली असायची ती विद्यार्थिनी योगायोगाने पावरा समाजाची निघाली. ती खाटेवर टेकली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. बाई एकदम घडाघडा बोलायला लागली, अर्धा तास थांबेचना. अर्थ असा निघाला की संडासाला जायची वाट पुरुषांच्या खाटांमधून होती, आणि दाराला आतून कडी नव्हती. म्हणून बाई पाणीच पीत नव्हती. लघवीला जळजळ तिसऱ्या दिवसापासून होती. सलाईन चालू होतं, अँटिबायोटिक चालू होतं, सगळं औषधोपचाराच्या कागदावर बरोबर होतं. कडी कागदावर कुठे येणार?

आमचे आबा आणि ती बाई, दोघांचा आजार वेगळा, पण दोघं एकाच कारणाने अन्नपाणी सोडून बसले होते. मी सोबत असून मला चार दिवस कळलं नाही. तिच्या बाबतीत ते कळलं ते एका विद्यार्थिनीला, आणि तेही शिकवलेल्या गोष्टीमुळे नाही, ती जिथे जन्मली त्यामुळे.

२०२१ पासून बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला, सत्र पद्धत आली. पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, शुश्रूषेची मूलतत्त्वं यांच्या जोडीला 'कम्युनिकेटिव्ह इंग्लिश' हा विषय आहे. माझा इंग्रजीला विरोध नाही. औषधाची नावं, डोस, नवं संशोधन सगळं इंग्रजीत आहे. ती न आलेली परिचारिका धोकादायक ठरेल. पण संवाद शिकवायचा म्हणून पहिल्याच सत्रात तास ठेवावेसे वाटले आणि ते ज्या भाषेत रुग्ण एक शब्द बोलत नाही त्या भाषेला दिले, याची गंमत कुणाला वाटली नसेल का? खान्देशातल्या कॉलेजांनी स्वतःच्या अखत्यारीत २० तास अहिराणीचे आणि २० तास पावरी-भिलीचे ठेवले तर कुठली परिषद अडवणार आहे? शिकवायला प्राध्यापक नकोत. बोली जाणणाऱ्या मुली वर्गातच बसलेल्या असतात, फक्त आजपर्यंत त्यांना आपली बोली दाराबाहेर ठेवून यायला शिकवलंय.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घ्या. नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार किती आहे हे तिथल्या कुठल्याही आरोग्यसेविकेला विचारा. त्याच्या कळा येतात तेव्हा त्या किती तीव्र आहेत हे मोजायचं यंत्र नाही. पेशंट सांगेल तेवढंच माप. शून्य ते दहात दुखणं किती, असा प्रश्न पुस्तकात आहे. डोंगरातला १४ वर्षांचा मुलगा दात आवळून गप्प पडलाय, त्याला हा आकडा कोणत्या भाषेत विचारणार? तो गप्प आहे म्हणून 'वेदना कमी' असं लिहिलं गेलं की वेदनाशामकाचा डोस तिथेच थांबतो.

याला परिचारिकांकडून येणारं उत्तर मला ठाऊक आहे, कारण माझी भाची जी.एन.एम. या नर्सिंगच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्याशी माझं यावर कडाक्याचं भांडण झालेलं आहे. "मामा, पॉट द्यायला का तीन वर्षं शिकतो आम्ही? मावशी कशाला असतात मग?" तिचा राग मला कळतो. लोकांनी या व्यवसायाला जी वागणूक दिली ती विसरण्यासारखी नाही. दुसऱ्याची घाण काढणारी म्हणून परिचारिकेच्या लग्नाच्या गोष्टी मोडल्यात, गावात कुजबुज झालीये. चार पिढ्यांनी झगडून, शिकून, 'नर्सबाई'ची 'नर्सिंग ऑफिसर' केली. आता पुन्हा पॉटपाशी आणून उभं करणारा मी कोण?

पण ती घाण गेली कुठे, तेही बघायला हवं. ती मावशीकडे सरकली. मावशी कोणत्या वस्तीतून येते, कंत्राटदार तिला महिन्याकाठी किती टेकवतो, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं. (मावशी, मामा ही नात्याची नावं कामाला चिकटवली की मजुरी विचारायची सोय राहत नाही, हाही आपला एक शोध आहे.) मावशी चाळीस खाटांना पुरत नाही म्हणून ती घाण नातेवाइकाकडे सरकली, आणि नातेवाइकांतही सुनेकडे किंवा मुलीकडे. जातीची उतरंड आपण वॉर्डात पांढऱ्या चादरीखाली तशीच चालू ठेवली. आणि यात हरवलं काय, तर निरीक्षण. पॉट देणारी व्यक्ती रुग्णाची त्वचा बघते, लघवीचा रंग बघते, शौचात रक्त आहे का बघते, माणूस हलताना कुठे कण्हतो ते ऐकते. ज्या हाताला यातलं काही समजत नाही त्या हाताकडे हे काम देऊन, समजणारा हात रजिस्टर लिहितो.

दर १२ मेला, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जयंतीला, नर्सिंग कॉलेजात मेणबत्त्या लागतात, दिवा घेतलेल्या नाइटिंगेलबाईंची तसबीर येते. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा सैनिक गोळ्यांपेक्षा हगवणीने आणि कॉलऱ्याने जास्त मरत होते. १८५५ मध्ये सॅनिटरी कमिशनने तिथली गटारं उपसली आणि मृत्यू उतरले. बाईंनी पुढचं आयुष्य आकडे मांडून हेच सांगण्यात घालवलं. त्या तसबिरीत दिव्याऐवजी गटाराचं झाकण दाखवलं असतं तर आमच्या वॉर्डाच्या दाराला कदाचित कडी बसली असती.

जून २०२० आठवतो? कोविडच्या पहिल्या लाटेत जळगावच्या रुग्णालयातून एक वृद्ध महिला बेपत्ता झाली आणि आठवड्याने तिचा मृतदेह तिथल्याच शौचालयात सापडला. राज्यभर गाजलं, वरिष्ठ निलंबित झाले. त्या काळात आत राबणाऱ्यांची काय अवस्था होती हे सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे कुणा एकीला दोष देण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट तेव्हा कुणी नीट बोललं नाही. कोविडमध्ये पहिल्यांदाच नातेवाईक वॉर्डाबाहेर काढले गेले होते. वर्षानुवर्षं जो फुकटचा कर्मचारी माणसाला संडासापर्यंत धरून नेत होता आणि परत आणत होता, तो नसला की काय होतं, ते त्या आठवड्यात दिसलं.

मग करायचं काय? संख्या वाढवा ही पहिली मागणी, आणि तिला पर्याय नाही. १८ मिनिटांत माया बसत नाही. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली, डॉक्टरांच्या जागा वाढल्या, इमारती वाढतायत. परिचारिकांच्या जागा त्या मापाने भरल्या का, हे आमदारांना विचारायला लागतं. खासगीत तर बोलायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांखालच्या रुग्णालयातसुद्धा परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत असं सुचवलं. तालुक्याच्या गावच्या नर्सिंग होममध्ये जाऊन बघा, सगळ्याच नाही पण कितीतरी ठिकाणी गणवेशातली मुलगी बारावी होऊन थेट सलाईन लावायला शिकलेली असते.

पण संख्या येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. ॲडमिशनच्या दिवशी सोबतच्या माणसाला ती तीन मिनिटं द्यायचीच, आणि दिली याची नोंद केसपेपरवर करायची. नोंद झाली की ती तपासली जाते, हे आता मला कळलंय. विद्यार्थिनीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत काही गुण त्या वॉर्डातल्या रुग्णाच्या हातात द्यावेत. आज तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक विचारतो, बेडसोअरचे, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेचे, टप्पे किती. त्याच खाटेवरच्या बाईला विचारा, या पोरीने तुम्हाला काल उठवताना दुखलं का?

रुग्णाचं मत घेतलं जात नाही असं नाही. सरकारची फोनवरून मत कळवण्याची 'मेरा अस्पताल' नावाची सोय आहे. खासगी मोठ्या रुग्णालयात डिस्चार्जच्या वेळी फॉर्म देतात, इंग्रजीतला, पाच हसऱ्या-रडक्या तोंडांचा, आणि बहुधा तो बिलाच्या काउंटरवरची मुलगीच भरते. पैसे भरून सुटायच्या घाईत असलेला माणूस कुठल्याही तोंडावर खूण करतो. त्या फॉर्मवर पॉटचा प्रश्न मी अजून पाहिलेला नाही.

आता भाचीच्या भांडणाचा शेवट सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तेव्हापासून तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली जर्मनच्या क्लासला जातात. तिथे नोंदणी मिळवायला भाषेची बी-टू पातळी लागते, म्हणजे म्हातारा काय पुटपुटतो ते समजेल इतकी. आणि तिथे अंघोळ, पॉट, कूस हे शिकलेल्या परिचारिकेचंच काम असतं. भाचीला ते माहीत आहे. तिकडचा पगार ऐकल्यावर तिला त्यात कमीपणा वाटत नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

परवा ती घरी आली होती. आबा आता काठीने अंगणात फिरतात. त्यांच्याशेजारी बसून ती पाठांतर करत होती. "मामा, पॉटला जर्मनमध्ये 'बेटफाने' म्हणतात," म्हणाली. आबांनी तो शब्द दोनदा घोळवून पाहिला. मी तिला विचारलं, तीन वर्षांत किती पेशंटना पॉट दिलास गं?

"एकदा दिला," ती म्हणाली. "परीक्षेत. लॅबमधल्या पुतळ्याला."